पाय बघ, पोरा!

...नाही, पण मला एक सांगा, उडत्या पाखराचे पाय कुणाला दिसतात? कुणाला? आमच्या आर्विडमामाला! स्वतःचं फाटक दिसत नाही, गेल्या महिन्यात ट्रॅक्टर मागे घेताना सपाट केलं, पण वाऱ्यावर सुसाट निघालेल्या पाखराचे पाय म्हणे दिसतात! "पाय बघ, पोरा, पाय!"

तुम्हाला सांगतो, फेझंट म्हणजे रानकोंबड्याचा भाऊबंद, त्याचा नर आंधळाही ओळखेल. तांबडं तोंड, हिरवी मान, गळ्यात पांढरं कडं, नवरदेवच! तो मारायचा. त्याची मातकट, ठिपक्यांची मादी मारली, की शिकारीचा परवाना गेला. आणि त्याच गवतात राहतो ग्राऊज! तोही मातकट, तोही ठिपक्यांचा, आणि तो मारलेला चालतो! आता काय करायचं माणसानं? ग्राऊजच्या पायांवर पिसं, फेझंटच्या मादीचे उघडे... अहो पण हे कळणार कधी? पाखरू मेल्यावर! मी म्हटलं, "मामा, ग्राऊज उडताना कुक्कुक करतो, फेझंटची मादी गप उडते. कान द्या." तर म्हणतो, "चर्चमधलं गाणं आहे का ते? पाय बघ, पोरा! का डोळेही कॉलेजात ठेवून आलास?" कॉलेज सोडलं ना मी! आता आयुष्यभर पुरेल ते म्हाताऱ्यांना.

तर शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, गवतात सगळे मामा आणि मी रांगेत. वर्षभर वाट पाहिलेली, वॉफलला मी स्वतः शिकवलेलं, बिचारी कुत्री ताठ उभी, समोरून भर्रर्र... लांब शेपूट, आवाज नाही! मी बंदूक खाली घेतली, ओरडलो, "मादी! मादी आहे!" शेजारून आर्विडमामा, "ग्राऊज!" धाड्!

वॉफलनं आणून ठेवलं. उघडे पाय! पिवळट, साफ उघडे! म्हटलं, "घ्या, मामा, आता बघा पाय!"

बघितले. आणि म्हणतो काय... "पिसं झडली असतील."

झडली असतील!! आणि कोंबलं माझ्या जाकिटाच्या पाठीवरच्या खिशात! कारण आमच्यात सगळ्यांची पाखरं धाकट्यानं वाहायची, थोरांच्या पाठी दुखतात ना! ट्रकपाशी परवाने तपासणारी वॉर्डनबाई उभी. तिनं माझ्या खिशात हात घातला, मादी बाहेर. "हे कुणाचं?" मी मामाकडे बघतोय. सगळे मामा कॉफीच्या कपात बघतायत. आणि आर्विडमामा टोपी काढून, अगदी गरीब चेहऱ्यानं, "बाई, किती वेळा सांगितलं ह्याला, पाय बघ, पोरा, पाय बघ..."

मी बोंबललो, "मी गोळीच नाही झाडली!" बाई म्हणाली, "जाकीट कुणाचं?"

गेला परवाना! वर्षभर बंदूक बंद! पण सुटका? छे! वॉफल दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, म्हणून रांगेत मी हवाच. रिकाम्या हातानं, तेच जाकीट घालून.

काल काय झालं सांगू? गवतातून फेझंटची मादी बाहेर आली, चालत! माझ्या बुटांसमोर थांबली, मान वाकडी करून बघतेय. आणि पाय? अहो, नखं मोजता आली असती! मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, "मादी! मामा, मादी! पाय बघा!" ती उडाली. मामा म्हणाला, "ग्राऊज!"

धाड्!

...काय करणार? पाठ वळवली, आणि म्हाताऱ्याचा हात खिशापर्यंत पोचेल इतका वाकून उभा राहिलो.