आप्पांच्या हयातीत काढलेली मिशी

आता तुमीच सांगा, स्पर्धा कशाची? मिशी वाढवायची. मग पहिला नियम काय असावा? मिशी काढा! वाढवायची स्पर्धा, अन् सुरुवात काढण्यापासनं! असला नियम ज्यानं केला त्याला काय म्हणावं, ते बायामाणसं बसलीत म्हणून गिळतो... पण तुमाला सांगतो, आमच्या रामकिसनचं त्यानं वाटोळं केलं.

रामकिसन म्हंजे माझा शेजारी. भिंतीला भिंत. पन्नाशीला टेकलेला, नातवाची वाट बघणारा माणूस, त्याला कुठनं आलं मिशीचं खूळ? खूळ नव्हतं हो, दुखणं होतं, त्याच्या वडलांचं, आप्पांचं. आप्पांना लघवीचा तरास. रात्रभर उठबस, भिंतीला धरून उभं राहायचं, अन् होणार काय, थेंबभर. डॉक्टरचं नाव काढलं की कडाडायचे, "आरं, ह्या वयात तिथलं काय दावू त्याला? लाज हाय का न्हाय?" सून बोलली, व्याही बोलले, म्या बोललो, तर मला म्हणले, "तुझं तू दाव की आधी!"

तेवढ्यात उमरग्यात ही स्पर्धा निघाली. काढली कुणी, तर शंभुलिंग डॉक्टरनं. बेंगळुरूला शिकून आलेले, माणूस लई गुणाचा, फकस्त डोकं बेंगळुरूलाच राहिलेलं. पुरुषांच्या असल्याच दुखण्यासाठी मदत गोळा करायची म्हणून महिनाभर मिशा वाढवायच्या, अन् भाग घेणाऱ्यानं घरातला थोरला पुरुष तपासणीला आणायचा, फुकट. रामकिसनच्या डोक्यात उजेड पडला. आप्पांची मिशी म्हंजे गावाची शान, पीळ दिल्याबिगर च्याला तोंड लावत न्हाय माणूस. ह्यानं सांगितलं, "आप्पा, मिशांची स्पर्धा हाय, घरातला थोरला सोबत लागतोय." तपासणीचं काय बोलला न्हाय. आप्पा फुलले! "लेकाच्या मिशीसाठी? आत्ता चल म्हण, आत्ता येतो!" बघा... जमलं होतं हो. सगळं जमलं होतं.

पहिल्या दिवशी नाव घालायला रामकिसन एकटाच गेला. तिथं मंडपात खुर्ची, आरसा, अन् वस्तरा परजत उभा न्हावी. "बसा." "कशाला?" डॉक्टर हसून म्हणतात, "अहो, सगळ्यांची सुरुवात शून्यातून! नियम आहे तसा." रामकिसन म्हणला, "साहेब, माझे वडील हयात हायत." "मग? छानच की!" छानच की! आवो, बाप जित्ता असताना आमच्यात मिशीला वस्तरा लावत न्हायत, लावला म्हंजे बाप गेला, एवढं शेंबडं पोरगंबी सांगंल तुमाला! रामकिसन मंडपाच्या दारापतूर आला, अन् परत आत वळला. काढली न्हाय तर नाव न्हाय, नाव न्हाय तर आप्पांची तपासणी न्हाय. बसला बिचारा खुर्चीत. डोळे मिटले. स्पर्धा वाढवायची, सुरुवात काढण्यापासनं!

बरं, तोंडाला रुमाल बांधून यावं की न्हाय? सुचलंच न्हाय. फाट्यावर जीपमधनं उतरला, तर च्यावाल्या सिद्रामप्पानं त्याच्या ओठाकडं बघितलं अन् गॅसच बंद केला. "काय हे रामकिसन... परवा तर आप्पा इथं च्या पिऊन गेले रे!" ह्यो "आवो न्हाय, आवो न्हाय" करतोय, अन् सिद्रामप्पा त्याला छातीशी धरून, "रड बाबा, मोकळा हो!" रामकिसन तिथनं सुटला ते लाजंनं शेतात जाऊन बसला. बातमी मातुर गावात! चार माणसं गमजे टाकून आप्पांच्या दारात आली, बघतात तर आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. गमजे पाठीमागं लपवत राहिली उभी. तेवढ्यात नळदुर्गाहनं आप्पांची बहीण द्वारकाबाई आली, तिला कुणी फोन केला देव जाणे, वेशीपासनंच हंबरडा, "दादा रं माझ्या, मला न भेटता गेलास रं!" दादा उठले. म्हणले, "कोण गेलं गं?"

हसू येतंय ना? आमालाबी आलं. पण अंधार पडता पडता रामकिसन आला, आप्पांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, अन् आमचं हसू जिथल्या तिथं वाळलं. "आरं, म्या हाय की अजून," एवढंच म्हणले आप्पा, अन् पाठ फिरवली. रामकिसननं पाय धरले, स्पर्धा सांगितली, तपासणी सांगितली, लेकरावानी रडला. आप्पा भिंतीकडं बघून बोलले, "मेलेल्याला डॉक्टर कशाला? मिशी आल्याबिगर मला तोंड दावू नगंस."

मग सुरू झाली खरी स्पर्धा. बाकीचे बक्षिसासाठी वाढवत होते, ह्यो बापानं तोंड बघावं म्हणून. एरंडेल चोळ, कांदा चोळ... मिशी काय ज्वारी हाय, पाणी दिलं की वर यायला? आली ती बी कशी, मधी टक्कल, कडंला पांढरी! तोंडाला गमजा बांधून आप्पांपुढं ताट ठेवायचा, अन् रात्री त्यांचं कण्हणं ऐकायचा. मलाबी ऐकू यायचं. भिंतीला भिंत ना. डॉक्टरचा फोन यायचा, "अहो, वडिलांना घेऊन या, मिशीचं काय घेऊन बसलात, ती तर गंमत आहे!" गंमत!

महिना सरत आला तेव्हा एका सकाळी आप्पांनीच हाक मारली. "गमजा काढ." मिशीवरनं अंगठा फिरवला. "हां. आता दिसतोस माझा." अन् खाटंला धरून उठले. "चल, काय दावायचं ते दावू."

दावलं. शंभुलिंग डॉक्टर बाहेर आले ते खाली बघतच. दुखणं कॅन्सरचं निघालं, पार हाडांत उतरलेलं. रामकिसननं विचारलं, "महिन्याआधी आणलं असतं तर, साहेब?" डॉक्टर म्हणले, "तसा फार फरक पडला नसता." आता हे खरं, का रामकिसनला झोप लागावी म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. झोप काय लागली न्हाय त्याला.

स्पर्धेत नंबर आला न्हाय. आप्पांना खुर्चीत बसवून नेलं होतं, तिथनं ते परीक्षकावर खेकसले, "डोळे हायत का भोकं? माझ्या लेकाची मिशी दिसंना व्हय तुला!" संक्रांतीच्या आत आप्पा गेले. दहाव्याला परत वस्तरा फिरला. आमी सगळे खाली माना घालून उभे.

अन् आता परवा डॉक्टरच्या दवाखान्यातनं रामकिसनला एका पोरीचा फोन, म्या बाजूलाच बसलेलो. "काका, यंदा पण भाग घेताय ना? पण नियम तोच हं काका, आधी काढायची!" स्पर्धा वाढवायची, अन् सुरुवात... जाऊ द्या. म्या म्हणलं, आता ह्यो फोन आपटतोय. तर रामकिसन थंडपणे म्हणला, "लिवा नाव. आता काढायला कोण अडवतंय."

पोरगी म्हणली, "आणि तपासणीला घरातलं थोरलं कोण येणार?"

रामकिसननं मिशीवरनं अंगठा फिरवला. मग म्हणला, "थोरला आता म्याच की, ताई. एकच नाव दोनदा लिवा."