बहुतेक अशी होती

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, कलाशाळेच्या प्राचार्याबाई. हवामान खात्यातून निवृत्त झालेले आणि तरीही आज वेळेवर पोहोचलेले आपले प्रमुख पाहुणे. रविवारच्या चित्रमंडळाचे सर्व सभासद. खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले रसिकहो. आणि पहिल्या रांगेतून मला आत्तापासूनच 'आवर' अशी खूण करणारी माझी ताई, सर्वांना माझा नमस्कार.

मला चित्रातलं काही कळत नाही. हा विनय नव्हे, मंडळात कोणालाही विचारा. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. दोन भाऊ किंवा दोन शेजारी हमरीतुमरीवर आले की आम्ही जायचं, साखळी टाकायची, दगड रोवायचा आणि सांगायचं, हद्द इथे. 'साधारण इथे' म्हणणाऱ्या माणसाला त्या खात्यात कोणी दारातही उभं करत नाही. अशा माणसाला तुम्ही ज्या प्रदर्शनाच्या समारोपाला बोलावलंत त्याचं नाव काय, तर 'बहुतेक'. पाहुण्यांना हे नाव फार आवडलं, आणि ते साहजिक आहे. त्यांचा अख्खा जन्म 'शक्यता' या एका शब्दावर गेला.

आज समारोप आहे आणि निरोपही आहे. शाळेतली चित्रकलेची नोकरी संपल्यावर ज्या ताईने लाँड्रीच्या वरच्या खोलीत हे मंडळ सुरू केलं, ती परवा सकाळच्या गाडीने लेकीकडे राहायला चालली आहे. कायमची. त्या खोलीत तुम्ही गेला असाल तर आठवत असेल, खालून इस्त्रीची ऊबदार वाफ यायची, खिडकीच्या काचा पांढऱ्या व्हायच्या आणि कागद दुपारभर मऊ राहायचे. बाहेर रस्ता आहे की पाणी, हेसुद्धा कळायचं नाही.

मंडळात कोणी पोटासाठी चित्रं काढत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्याच चिटणीस. बसचे ड्रायव्हर आहेत, शिंपीकाका, गणिताचे सर, नर्सबाई आहेत. नियम एकच, खोडरबर आणायचा नाही. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्या शेजारी दुसरी काढायची. तीही पटली नाही तर तिसरी. ताई म्हणायची, ''पहिली चुकली हे तुला दुसरीमुळेच कळलं ना? मग तिला हाकलतोस कशाला?'' मी एकदा सरांचं चित्र पाहिलं. एका नाकाला पाच हद्दी. आमच्याकडे एवढ्यावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ताई पुन्हा खूण करते आहे, पण मी तिकडे बघत नाही.

आमची आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, ताई सहा वर्षांची. घरात आईचा फोटो एकच. वडील ताठ उभे, त्यांचं बोट धरून ताई ताठ उभी, आणि आईच्या कडेवर मी. हलू नका, असं फोटोवाल्याने बजावलं असणार. मी रडलो असणार. आई माझ्याकडे बघायला वळली आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं आलं. एक कान तेवढा स्पष्ट आहे. लहानपणी मी त्या कानाशी पुष्कळ बोललो आहे.

आणि चेहऱ्याचं ताईला विचारायचो, कारण आईचा विषय निघाला की वडील उठून जायचे. शाळेतून येताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर. ताई, आई कशी होती? ती कधी वैतागली नाही. एखाद्या दिवशी आईच्या गालावर खळी असायची, एखाद्या दिवशी हनुवटीवर तीळ. कधी ती हसताना तोंडावर हात धरायची. मी झोपेत शिरता शिरता तो चेहरा हळूहळू जमून यायचा आणि पुरता जमायच्या आत माझा डोळा लागायचा. सकाळी उठून पाहावं तर काही नाही. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, तरी विचारणं काही सुटलं नाही.

त्यामुळे ताई जाणार हे ठरलं तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला. तिच्यानंतर विचारायचं कोणाला? मी दात दाखवायला गेलो होतो तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे कळलं. त्यांच्या त्या खुर्चीत माणसाला काही लपवता येत नाही. त्यांनीच मंडळात ठरवलं, ताईला निरोप म्हणून प्रत्येकाने आमच्या आईचं चित्र काढायचं. दर रविवारी एकेकाने समोर बसायचं, ताईने सांगत जायचं, आणि मी शेजारी बसून मान डोलवायची.

ती चित्रं तुम्ही आज भिंतींवर पाहिलीत. डॉक्टरीणबाईंची आई खळखळून हसते आहे, दात जरासे पुढे. ड्रायव्हरसाहेबांनी तिला बसच्या आरशात काढलं आहे, मागच्या बाकावर, खिडकीबाहेर बघणारी. पुढच्या स्टॉपला उतरून जाईल असं वाटतं. नर्सबाईंची आई कोणाच्या तरी कपाळावर हात ठेवून वाकली आहे. शिंपीकाकांनी तिला पाठमोरी काढलं. ते म्हणाले, माणूस मला खांद्यांवरून ओळखू येतो, चेहऱ्याचा काही भरवसा नाही. आणि सरांच्या चित्रात एकावर एक इतक्या रेघा आहेत की डोळे बारीक केले तर एक बाई दिसते आणि नीट बघायला जावं तर ती गेलेली असते.

यातलं एक चित्र मंडळ मला भेट देणार आहे. कुठलं, ते मी आज इथे जाहीर करायचं आहे. तुम्हाला गंमत वाटेल, पण हा आठवडा मला फार जड गेला. मी जी निवडीन ती माझी आई. मग बाकीच्या कोण? रोज मी या हॉलमध्ये येऊन बसलो. पंख्याच्या वाऱ्याने चित्रं जराशी हलायची. सकाळी डॉक्टरीणबाईंची आई पटायची, ऊन त्या भिंतीवर सरकलं की बसमधली पटायची. दुपारी डुलकी लागायची. डुलकीत त्यातली कोणीतरी एक उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. मान वळवली की जाग यायची, म्हणून मी मान वळवायचीच नाही असं ठरवलं.

बुधवारी शिंपीकाका शेजारी येऊन बसले. म्हणाले, ''साहेब, एक सांगू का, राग मानू नका. ताई तुमच्या आईबद्दल बोलायच्या ना, तेव्हा सगळा वेळ तुमच्याकडे बघत असायच्या. आम्ही माप घेताना बघतो ना, तसं.''

मी तडक ताईच्या घरी गेलो. ती सामान बांधत होती.

''ताई, तुला आईचा चेहरा आठवतो का?''

तिने हातातल्या चादरीची घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, ''आधी आठवत होता रे धाकट्या. तू रोज विचारायचास. रोज सांगता सांगता आठवलेलं कुठलं आणि तुला झोप यावी म्हणून रचलेलं कुठलं, सगळं एकात एक मिसळून गेलं. मग अडलं की तुझ्याकडे बघायचे. तू तिचाच ना, काहीतरी आलंच असेल तुझ्यात.''

''म्हणजे सगळं खोटं?''

''खोटं कशाला? बहुतेक अशी होती.''

मला राग आला. अगदी खरं सांगतो, फार राग आला. जन्मभर लोकांच्या हद्दी मी पक्क्या करून दिल्या, आणि माझा एकुलता एक दगड हिने अंदाजाने रोवलेला. सत्तरीच्या माणसाने बहिणीच्या दारात रडावं हे शोभत नाही, पण मी रडलो.

ताईने मला रडू दिलं. मग माझ्या शेजारी ट्रंकेवर बसली. म्हणाली, ''मला नक्की आठवत असतं ना, तर एकदा सांगून मोकळी झाले असते. मग रोज रात्री तुला काय दिलं असतं? आठवत नव्हतं म्हणून तर कागद घेऊन बसायला लागले. म्हटलं, एक रेघ काढून बघू, कदाचित जमेल. नाही जमली, म्हणून दुसरी काढली. अजून तेच चाललंय.''

आयुष्यभर तिला मी विचारत आलो, पण तिलाही आईची आठवण येत असेल, तिलाही कोणी सांगणारं हवं असेल, हे मनात आलं ते त्या ट्रंकेवर. तिला सांगायला कोणीच नव्हतं. तिने ते स्वतःलाच सांगितलं, रेघेशेजारी रेघ काढून.

तर चिटणीसबाई, निवड. मी यातलं एकही चित्र घरी नेणार नाही. रुसलो आहे असं समजू नका. एक भिंतीवर लागलं की तेच पक्कं होऊन बसेल, आणि मग ताईने इतक्या रात्री मला जे दिलं ते सगळं एका खिळ्याला टांगल्यासारखं होईल. माझी विनंती एवढीच, ज्याने काढलं त्याने ते आपल्याच घरी लावावं. दर्शनी भिंतीवर नको, स्वयंपाकघरात चालेल. मी अधूनमधून येत जाईन. चहाची अपेक्षा ठेवीनही कदाचित. डॉक्टरीणबाईंना मात्र कळकळीने सांगतो, दवाखान्यात लावू नका. आईदेखत दात काढून घ्यायला मला लाज वाटेल.

असं का, तेही सांगून टाकतो. एक साधं वाक्य मला कधी म्हणताच आलं नाही. शाळा सुटली की पोरं ते म्हणायची. शनिवारी कचेरी बंद करताना माणसं म्हणायची. आमची बायको तर ऊठसूट म्हणायची, माझ्याशी बिनसलं की जास्तच. तुम्ही सगळ्यांनी ते कधी ना कधी म्हटलं असेल, आणि म्हणताना तुम्हाला काही विशेष वाटलंही नसेल. मी मात्र ते ऐकत आलो. आता मला जायला पाच घरं झाली.

प्राचार्याबाईंनी, पाहुण्यांनी आणि तुम्ही सर्वांनी एका मोजणीवाल्याचं हे बिनमापाचं बोलणं इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाच्या हद्दीत पाय पडला असेल तर तेवढं पोटात घाला.

ताई, तुझी गाडी परवाची आहे. उद्या सामान तसंच राहू दे. शिंपीकाका आज संध्याकाळी चित्र घरी नेत आहेत, मी त्यांना विचारून ठेवलं आहे. सकाळी लवकर तयार हो. आपण दोघं आईकडे जाऊन येऊ.