दर चौथी बाई

— नाही, एवढ्या जाड गठ्ठ्याला स्पायरल बसत नाही, दोन भाग करावे लागतील. आणि काउंटरवर रडू नकोस, कागद भिजतील. सरांनी झापलं ना? मला कसं कळलं? अगं, सरांच्या बायोडेटाच्या या फायलीचं पहिलं पान मीच टाईप केलेलं! चार वर्षं त्यांच्या हाताखाली पीएचडीच्या नावानं राबले, मग लाथ मारली, आता मामाच्या दुकानात झेरॉक्स काढते. सत्तेचाळीस शोधनिबंध, एकोणीसशे सायटेशन — बाप रे, माझ्या वेळी आठशे होती. वाढणारच! विभागात कुणी भाजीच्या भावावर लिहो नाहीतर बँकांवर, सरांचे पाच निबंध संदर्भांच्या यादीत घुसडल्याशिवाय सही मिळते का? मी म्हटलं, सर, यातला एकही मी वाचलेला नाही. तर म्हणे, वाचायला कोण सांगतंय, नुसते टाक! आणि यांना मान द्यायचा — कशासाठी? केस पिकले म्हणून? केस काय, माझेही पिकतील.

आणि हा निबंध म्हणजे त्यांची दुभती गाय — ‘दर चौथी गृहिणी दुपारी तीनला अर्धा तास रिकामी बसते.’ त्या अर्ध्या तासावर विद्वानांनी काय इमले बांधले! बाईला फावला वेळ आहे, द्या तिला आणखी काम! आता सहा वर्षांनी तुला त्याच घरांत पाठवलंय, आणि अर्धा तास काही सापडत नाही. सर म्हणतात, तुला विचारता येत नाही. हेच ना?

बस त्या स्टुलावर. पाणी पी. तुला विचारता येतं गं, फक्त — हे बघ, त्या पाहणीत दोनशे चाळीस घरं, एकटी मी, आणि सरांना परिषदेसाठी आकडे सोमवारी हवे होते. शेवटच्या साठ घरी मी गेलेच नाही. घरी बसले, आईकडे बघत, आणि तिचाच दिवस साठ फॉर्मांत उतरवला — पाच मिनिटं इकडे, दहा तिकडे. अशी काय बघतेस? तू नसतं केलंस? — बरं, नसतं केलंस.

तीन वाजता आई गच्चीवर कपडे वाळत घालून खाली यायची आणि भिंतीला टेकून बसायची, छातीवर हात धरून. काय गं? म्हटलं की, काही नाही, बसले जराशी. फॉर्मात रकाने तीनच — काम, झोप, विश्रांती. मी लिहिलं विश्रांती. साठ वेळा. शेकडो जणांनी माझ्या आईची धाप वाचली आणि एकालाही — त्यांना कशाला शिव्या देऊ? समोर मी होते. पेन माझ्या हातात होतं. दोन महिन्यांनी, त्याच भिंतीपाशी — जाऊ दे.

ती गेल्यावर सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, छापून झालंय, आता बोललीस तर तुझंच नाव खराब होईल. अहो, निबंधात माझं नाव होतं कुठे!

तर शोधू नकोस. ती बाई त्या घरांत नव्हतीच. सांग त्यांना, माझ्या नावानं सांग, लिहून देते हवं तर — थांब, या पानामागेच लिहिते. हं, ही सही. ते पान वर ठेव, बाकीचं दुसरीकडे बांधून घे, मी नाही बांधणार.

ऊठ आता. तीन वाजत आले. या वेळी अर्धा तास दुकान बंद असतं.