संक्रांतीच्या वाणातली डबी

मंडळी, कौसल्याकाकूंच्या शोकसभेला तुम्ही सगळे हातातली कामं टाकून आलात. मला माईकवर बोलायची सवय न्हाई. पण बोलल्याबिगर भागणार न्हाई.

मी सुनीता. कौसल्याकाकूंच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. रमेशभाऊ, तुमच्या आईबद्दल चार शब्द चांगले बोलायला तुम्ही मला उभं केलंत. चांगलं तर लई हाय. माझी दोन्ही बाळंतपणं काकूंनी काढली. पण आज मला आधी दुसरं सांगायचंय. राग आला तर येऊ द्या.

बायांनो, यंदा संक्रांतीला मी वाण काय दिलं, आठवतंय ना? दरसाल चाळण्या न्हाई तर प्लास्टिकचे डबे. म्हटलं, यंदा कामाचं काही देऊ. नांदेडच्या एका ओळखीच्या बाईकडून व्हिटॅमिन डीच्या डब्या आणल्या. ती म्हणाली, "ताई, डोळे झाकून घ्या, साइड इफेक्ट न्हाई." मी खरंच डोळे झाकून घेतल्या! कुणी बनवली, पाहिलं न्हाई. लायसन्स नंबर पाहिला न्हाई. एका कॅप्सूलमध्ये पावर किती, तेही न्हाई. झाकण सोनेरी होतं, तेवढं पाहिलं. साडी घेताना मी पदर उलटा करून पाहते. अन् पोटात जायची चीज अशी घेतली.

वरून माझी अक्कल पहा. प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली, 'तीळगूळ घ्या, गोड बोला'. ती बसली नेमकी 'आठवड्यातून एकच' ह्या ओळीवर.

विधवा बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? मी काकूंना बोलावलं. त्या दारातच थांबल्या. "पोरी, मला चालतंय का गं?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? या आत." डबी त्यांनी कपाळाला लावली. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली. रोज आंघोळ, पूजा, अन् एक कॅप्सूल. रोज! मी पुसलं की म्हणायच्या, "हाव गं, तुझं वाण एक दिवस चुकवलं न्हाई." अन् मी खूश व्हायचे, मायबाप हो.

मग त्यांची भूक गेली. सारखी तहान तहान. बोलता बोलता भान सुटायचं. नांदेडला डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले कॅल्शियम फार चढलंय, किडनीवर आलंय, कुठल्या गोळ्या घेतात? मी डबी दिली. त्यांनी नखानं चिठ्ठी खरवडली. "ही आठवड्याची कॅप्सूल आहे. आणि कंपनीचा पत्ताच नाही. लिहिलंय तेवढंच आत असेल, ह्याचाही भरवसा नाही." काकू गेल्यावर मी डॉक्टरांना पुसलं, माझ्यामुळं झालं का? म्हणाले, "वय आहे, शुगर आहे. नुसतं ह्याच्यामुळं असं म्हणता येत नाही. ह्याच्यामुळं नाही, असंही म्हणता येत नाही."

ते घेऊन कसं जगायचं, माझं मी पाहीन. आज मला फिकीर दुसरीच हाय. चाळीस डब्या वाटल्या. काकूंची धरून तेवीस सापडल्या. बाकीच्या सतरा कुठं हायत? वाण देताना कुणी यादी करतं का? काल घरोघर फिरले. एक म्हणाली, बहिणीला हदगावला पाठवली. एक म्हणाली, फेकली असेल. असेल म्हणजे काय गं माय? पाहा ना घरी जाऊन!

घेत असाल तर आजच बंद करा. रोज घेतली असेल तर लाज धरू नका, रक्त तपासा. मी सोबत येते. अन् पुढं कुणी कितीही गोड बोलून दिलं, तरी डॉक्टरला पुसल्याबिगर तोंडात टाकू नका.

आता काकूंसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. मंडळी, उभे राहा. पण जिच्या घरी माझी डबी गेली अन् मला अजून सापडली न्हाई, तिनं बसूनच राहावं, म्हणजे मला मोजता येईल. काकूंचा मान कमी होणार न्हाई. तुम्ही डोळे मिटा, मी मिटणार न्हाई. सतरा जणी दिसल्याबिगर मला काकूंना हात जोडता येणार न्हाईत.