गुरुवारचे स्क्रू

तीन? नाही हो डॉक्टर, दोनच असायला पाहिजेत. तो एक्स-रे नीट बघा, चष्मा पुसून बघा हवं तर — हां, हे दोन माझे. हे जोडीने बसलेत ना, ते आजचे. आणि हा खाली एकटाच बाजूला पडलाय — थांबा, थांबा, तो जुना असणार! त्याला सोडून द्या, त्याचा लॅपटॉपशी काही संबंध नाही. अहो, एकतीस वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनचा फिटर होतो — फिटरचे दोन्ही हात मशीनच्या आत, मग स्क्रू धरायचा कुठे? तोंडात. सगळेच धरतात. एकदा सुपरवायझरने मागून हाक मारली, मी ‘ओ’ दिली आणि बॉबिन केसचा स्क्रू गेला पोटात. त्यालाही झाली असतील अठरा वर्षं. मला वाटत होतं, गेला कधीच. नाही गेला तर नाही गेला — त्याने मला कधी त्रास दिला नाही, मी त्याला देत नाही. तुम्ही या दोघांचं सांगा. हे कधी बाहेर येतील?

दुखत नाही हो. मळमळ नाही, उलटी नाही, काही नाही. पोटाचं जाऊ द्या, मला स्क्रू कधी मिळतील ते सांगा. दोन-तीन दिवस — म्हणजे आज गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी सकाळी की संध्याकाळी? — हसू नका, मी खरंच विचारतोय. सकाळी आले तर मला धुऊन-पुसून, तेलाचा थेंब देऊन बसवायला दुपार मिळते. रविवारी अकराच्या ठोक्याला मी त्या लॅपटॉपसमोर बसलेला असतो. मुलगी येते स्क्रीनवर. तिची आई गेल्यापासून सहा वर्षं, एक रविवार चुकलेला नाही. एकदा मला एकशे दोन ताप होता तरी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. खाली लुंगी होती, पण ती दिसत नाही.

पोटात कसे गेले? सांगितलं ना बाहेर, त्या बाईंनी लिहून घेतलंय — वाचलं नाहीत? ‘रुग्णाने औषध समजून पंखा घेतला’? असं लिहिलंय? पंखा नाही हो बाई — बाई नाही, डॉक्टर, चुकलो — पंख्याचे स्क्रू! पंखा केवढा असतो! ऐका, पहिल्यापासून सांगतो. लॅपटॉप मुलीचाच, कॉलेजातला, अकरा वर्षांचा. लग्न होऊन जाताना मला देऊन गेली. आता त्याचा पंखा एवढा घरघरतो की मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखं वाटतं. दुकानात नेला तर तो मनुष्य म्हणाला, काका, हा फेकून द्या. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मशीनं उघडतोय, फेकायला सांगणाऱ्याला मी फिटर म्हणत नाही. आलो घरी, टेबलावर जुनी चादर अंथरली, भिंग डोळ्याला लावलं, घेतला उघडायला. आता यात मुद्दा काय असतो, तर स्क्रू सगळे सारखे दिसतात पण सारखे नसतात — लांबडा स्क्रू आखूड भोकात पिळला की खालची पट्टी फुटली म्हणून समजा. त्यामुळे प्रत्येक थराचे वेगळे ठेवायचे. कारखान्यात त्याला खणांचा ट्रे असायचा. घरी कुठला? मग माझं लक्ष गेलं गोळ्यांच्या डबीकडे. सात खण, सोमवार ते रविवार. मुलीनेच पाठवलीय, बाबा विसरतात म्हणून. गोळ्या काढून ठेवल्या बशीत. सोमवारात तळाचं झाकण, मंगळवारात डिस्क, बुधवारात कीबोर्ड, गुरुवारात पंखा. काय चुकलं सांगा? एवढी शिस्तवार डबी तुमच्या ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा नसेल.

चुकलं ते एवढंच, की आज वारही गुरुवारच निघाला. जेवण झालं, हात सवयीने डबीकडे गेला, गुरुवारचा खण उघडला, तोंडात उपडा केला, वर कोमट पाणी. भिंग लावायचं म्हणून चष्मा काढलेला. गोळ्यांची चव तरी कुठे लागते रोज? दोन मात्र कोपऱ्यात चिकटून राहिले, नाहीतर चारही गेले असते. तेवढं नशीब म्हणायचं.

दोन स्क्रूंवर बसवू? डॉक्टर, राग मानू नका, पण तुम्ही हे माणसांमध्येही करता का? चारपैकी दोनावर पंखा तिरका बसतो, तिरका फिरतो आणि आधीपेक्षा दुप्पट घरघरतो. आणि त्या मापाचे मिळत नाहीत हो. पाच दुकानं पालथी घातली, मगच तुमच्याकडे आलो. — हो, आधी दुकानं. पोट काय, कुठे पळून जात होतं?

पंख्यात काय निघालं सांगू? धुळीची गादी. अक्षरशः गादी, बोटभर जाड, उचलली तर अख्खी उचलली गेली. कीबोर्डखाली बिस्किटांचा चुरा, दोन मुंग्या, एक टिकली, पेन्सिलीचं टोक — आणि मुलीचा एक केस, हा एवढा लांब. आता तिने केस कापून टाकलेत, मानेपर्यंत. मला आवडत नाहीत, पण मी बोललो नाही. बटणं सगळी उपटून साबणाच्या पाण्यात घातली, खिडकीत वाळवली, पुन्हा लावली. तीही ओळीत लावली, ए बी सी डी. कारण मूळची कशी होती ते मी लिहून ठेवलं नव्हतं, आणि जे आठवत होतं त्याला काही ताळतंत्रच नव्हता — क्यू पहिला! का? तर का नाही! आता कसं, लहान मुलालाही सापडेल. — टाइप केलं तर वेगळंच अक्षर उमटतं? असं कसं उमटेल? त्यावर लिहिलंय ना! — असो, ते मी बघतो. मला टाइप करायचं नाही, ऐकायचंय.

फोन? करता येतो की. फोन आहे माझ्याकडे, हा काय, खिशात. चांगला चालतो, सगळं स्वच्छ ऐकू येतं. पण फोनला पंखा नसतो ना डॉक्टर. — काही नाही, सहज बोललो. जाऊ द्या. — नाही, म्हणजे असं आहे, आता निघालंच आहे तोंडातून तर सांगतो, तुम्ही काही कुणाला सांगायला जाणार नाही. मागच्या वर्षी जावई स्क्रीनवर आला आणि म्हणाला, एकटे किती दिवस राहणार, ते घर विकून टाका आणि इकडे या. मुलगी शेजारी गप्प बसली होती. मला घर विकायचं नाही. तिकडे जाऊन मी काय करू, त्यांच्या सोफ्यावर पाहुण्यासारखा बसू? पण नाही कसं म्हणायचं तिला? मग झालं काय, की पुढे कधी तिने सुरुवात केली ना — ‘बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं’ — की मी म्हणायचो, काय? ऐकू येत नाही गं, पंखा! कानाला हात लावून दाखवायचो. ती मोठ्याने म्हणायची, मी म्हणायचो, पंखा, पंखा! मग ती म्हणायची, राहू दे, जेवलात का? ते मला बरोबर ऐकू यायचं. सात-आठ महिने चाललंय हे. लबाडी आहे, कळतंय मला. पण तोपर्यंत तो पंखा तसा बराच होता हो. थोडी कुरकुर होती, एवढंच.

गेल्या रविवारी मात्र तो खरोखरच बिघडला. आणि नेमकी ती त्या दिवशी थांबेना. बोलत राहिली, सलग, पाच-सात मिनिटं, ओठ हलताना दिसत होते — आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. खरंच येत नव्हतं! पण आता कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारलं होतं. तिचे डोळे भरले होते. मी घाबरलो आणि म्हटलं — हो. हो हो. मान पण हलवली. ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली आणि स्क्रीन बंद झाली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही डॉक्टर. कशाला हो म्हटलं मी? घर विकायला म्हटलं असेल तर? तिने उद्या गिऱ्हाईक पाठवलं दारात तर? रविवारी मला तिच्याकडून ते काढून घ्यायचंय, अलगद, तिला न कळता. त्यासाठी पंखा पूर्वीसारखा पाहिजे, नुसता कुरकुरणारा. म्हणून स्क्रू पाहिजेत. आता कळलं?

काय? कुणी फोन केला? त्या बाहेरच्या बाईंनी? अहो, जवळच्या नातेवाइकाचा नंबर विचारला म्हणून दिला मी, लिहायला दिला, लावायला नाही! काय सांगितलं तिला — पंखा गिळला म्हणून सांगितलं? — बघा, वाजला. तिचाच आहे. तुम्ही घेता? तुम्ही घ्या ना. सांगा, पेशंट झोपलाय. — बरं, बरं, घेतो. डोळे वटारू नका.

हॅलो. हो, मीच. नाही गं, धडधाकट आहे, दोन बारके स्क्रू आहेत, शनिवारी येतील — रडतेस काय? ऐक, मी चांगला आहे. — येतेयस? कधी, रविवारी? अगं, स्क्रूसाठी एवढं — त्यासाठी नाही? तिकीट आधीच काढलंयस? — मी हो म्हटल्या म्हटल्या. हं. नाही, आठवतंय की, आठवतंय. तरी तू परत सांग. फोनवर सांग. — कायमची. हं. — त्याच्याकडे परत नाही. — कधीपासून चाललं होतं हे पोरी? — आठ महिने.

आठ महिने. — नाही, आहे मी, इथेच आहे, ऐकतोय. पाणी पितोय जरा. — काय म्हणालीस? — नाही विचारला एकही प्रश्न, खरंय. कशाला विचारायचा? तुझं घर आहे, ये म्हणायला प्रश्न कशाला लागतो? — हो गं, ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं मी, शब्द न् शब्द. — एक मिनिट हं, धर जरा. डॉक्टर, असे काय बघताय माझ्याकडे? तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा बघू. आणि जाताना दार ओढून घ्या.