कॉम्प्युटरला होय कोणी म्हणायचं?

ऊर्जानगरच्या आमच्या ऑफिसात माउसवाला कॉम्प्युटर नवीन आला होता, तेव्हाची गंमत सांगते. ड्यूटीचा तक्ता छापला की मला भाचीच्या हळदीसाठी मूल गावची बस गाठायची होती. छापायचं बटण दाबलं, तर पडद्यावर एक चौकट येऊन विचारू लागली, ‘छापू का?’

मी होय म्हणणार, तोच आमचे हेडक्लार्क बडेबाबू ओरडले, “थांबा बाई! मंजुरी साहेब देतेत. आपण कोण होय म्हणणारे?”

साहेब आरमोरीला गेलेले. बाबूंनी माउस ताब्यात घेऊन ती चौकट सोडून इकडेतिकडे दाबून पाहिलं, पण मशीन ढिम्म. बसची वेळ होत आली, तेव्हा मी प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

तो हसत सुटला. “बाई, बिघडलं नाई, वाट पाहून राह्यलं. प्रोग्राम आपल्या मनानं काही करत नाई. तुमी जे बटण दाबान, तेवढं काम करते अन् पुन्हा वाट पाहत बसते. त्यानं इचारलं ना, मग उत्तर द्या!”

“पण कोणी द्यायचं?”

“ज्याच्या हाती माउस, त्यानं.”

मी हे बाबूंना सांगितलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला. “मंग तुमीच धरा, बाई!”

मी होय दाबलं. प्रिंटर खडखडला, कागद निघाला आणि मी पिशवी उचलून बसकडे धावले. मागून बाबू ओरडत होते, “साहेबानं इचारलं तं मी चहाले गेलतो म्हणून सांगजा!”