सहावा खडा

(कोल्हापूर, १९७४. कानाच्या डॉक्टर मीनाक्षीबाईंचा दवाखाना. दुपारचा पाऊण वाजायला आलाय. समोर कोडोलीचा आकाराम बसलाय. विहिरींना सुरुंग लावण्यात त्याची वीस वर्षं गेली. शेजारी बायको बनाबाई. तिच्या मांडीवर पिशवी आहे, ती काही केल्या खाली ठेवत नाही.)

आकाराम : तसं न्हाय बाई, मी खोटं कशाला बोलू? कान आता चांगला हाय. चिठ्ठी तेवढी द्या.

डॉक्टर : तीन महिन्यांपूर्वी आलात, तेव्हा या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला सोसत नव्हती. कंपाउंडरनं ट्रे खाली ठेवला तर डोकं धरून बसलात. आठवतंय?

आकाराम : आठवतंय की. वात आखूड निघाली. मी हिरीच्या काठापासनं धा पावलं गेलतो न गेलतो, तवर बार उडाला. जीव वाचला हे काय कमी हाय?

डॉक्टर : आणि कानातली शिट्टी?

आकाराम : हाय जरा. रातकिड्यागत. तुमी सांगितलासा तसं गजराचं घड्याळ उशाला घिऊन झोपतो. शिट्टीकडं ध्यान द्यायचं न्हाय म्हनलासा, देत न्हाय.

डॉक्टर : कापूस?

आकाराम : काडला.

बनाबाई : मागल्या म्हयन्यात काडला. त्येच्या आदी दिसभर कानात बोळं. मी भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची, बाई. हातातनं पळी पडली तरी अंगावर धावून यायचे. आता तेवढं न्हाय.

डॉक्टर : ते छान झालं. कान दिवसभर कोंडून ठेवले की आणखी हळवे होतात. पण घरातले आवाज सोसायला लागले म्हणजे सुरुंगाजवळ जायला मोकळे झालात, असं नाही. सुरुंग बंद, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

आकाराम : मग करू काय? शेरडं राखू? आकारामनं मोजलं म्हंजे मोजलं, असं बोलत्यात लोक आमच्याकडं.

डॉक्टर : मोजलं म्हणजे?

आकाराम : बार वो. सहा भोकं भरली तर सहा बार वाजाय पायजेत. वाती लहानमोठ्या कापतो, म्हंजे एकामागनं एक वाजत्यात. ज्यानं बत्ती लावली त्येनंच मोजायचं. बाकीच्यांनी तोंड उगडायचं न्हाय, आकडा चुकतोय. मी सहा खडं उजव्या खिशात घेतो. बार वाजला की एक खडा डाव्या खिशात. उजवा खिसा मोकळा झाला की सांगतो, धूर निवला की उतरा.

डॉक्टर : आणि एखादा वाजलाच नाही तर?

आकाराम : मग त्या दिशी कुनी उतरत न्हाय. न वाजलेला बार भोकात जिता असतोय. दगड काडताना त्येच्यावर पहार बसली, की संपलं.

डॉक्टर : म्हणजे खाली उतरणाऱ्याचा जीव तुमच्या कानावर.

आकाराम : व्हय. म्हनून तर ठेकेदार चिठ्ठी मागतोय. तुमचा भरवसा नसंल तर घ्या परीक्षा. हे बगा, खडं संगटच हायत.

डॉक्टर : बरं. खडे उजव्या खिशात घाला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहा. मी या ट्रेवर पट्टी मारते. फार जोरात नाही मारणार.

आकाराम : मारा की जोरात. बार काय हळू वाजतोय व्हय?

डॉक्टर : झालं. वळा इकडं. घाम का आला एवढा?

आकाराम : उकाडा हाय. ह्यो बगा, उजवा खिसा मोकळा. सहाच्या सहा.

डॉक्टर : मी पाच वेळा मारलं, आकाराम.

आकाराम : न्हाय. सहा.

डॉक्टर : बनाबाई, तुम्ही बघत होता.

बनाबाई : अवं, पाच. पाचच.

आकाराम : शेवटचा जरा दबका हुता. पर हुता.

डॉक्टर : कुठं होता? बाहेर, का कानात?

आकाराम : आता कसं सांगू? मोटा आवाज झाला की मागनं आत एक धक्का बसतोय. कवा बसतोय, कवा न्हाय.

डॉक्टर : कानाच्या पडद्याआड एक बारीक स्नायू असतो. दणका बसलेल्या कानात तो मोठ्या आवाजानं दचकतो आणि आपणच ठोका देतो. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हाला तो ऐकू येतोच. पण चिठ्ठी मी देणार नाही, वाईट वाटलं तरी चालेल. आणि एक सांगा. मघाशी तुम्ही खडे डाव्या खिशातनं काढलेत.

आकाराम : असतील.

डॉक्टर : डाव्या खिशात ते केव्हा गेले?

बनाबाई : आज सकाळी.

आकाराम : तू गप.

बनाबाई : धा वाजता बार उडवलं, बाई. तिथनंच आमी हिकडं आलो.

आकाराम : चिठ्ठी सांजच्याला आनून दे म्हनाला ठेकेदार. कामाचा खोळंबा नको, म्हनून मी…

डॉक्टर : भोकं किती भरली होती?

आकाराम : सहा.

डॉक्टर : आणि मोजलेत किती?

आकाराम : सहा. शेवटचा जरा…

बनाबाई : मी वरल्या बांधाला हुते. मला पाच ऐकू आलं.

आकाराम : मग बोलली का न्हाईस?

बनाबाई : बत्ती लावनाऱ्यानंच मोजायचं, दुसऱ्यानं तोंड उगडायचं न्हाय. तुमीच सांगितलंसा की. मला वाटलं, माजंच ध्यान न्हवतं.

डॉक्टर : खाली कोण उतरणार आहे?

बनाबाई : माजा भाऊ. किस्नात.

डॉक्टर : केव्हा?

आकाराम : धूर निवायलाच दोन तास जात्यात. आनि किस्नात भाकरी खाल्ल्याबिगार हिरीत उतरत न्हाय. वीस वर्सांत कवा उतरला न्हाय. खानार, पान लावनार, मग उटनार. दीड तरी वाजतोयच.

डॉक्टर : आत्ता एकला पाच कमी आहेत. कोडोलीच्या पोस्टात फोन आहे ना? मी अर्जंट ट्रंककॉल लावते. कुणाला तरी सायकलवर पिटाळतील विहिरीकडं.

आकाराम : कोसभर हाय पोस्टापासनं. पर पोचंल. भाकरी खाल्ल्याबिगार न्हाय उतरत त्यो.

डॉक्टर : बनाबाई, धीर धरा, वेळ आहे अजून. पिशवीत काय शोधताय?

बनाबाई : यष्टी सुटंल म्हनून ह्येंनी घाई केली, बाई. किस्नातची भाकरी माज्या पिशवीतच राहिली. आता त्यो कशासाटी थांबंल?